क्रोवावी, क्रोव्यानोय, क्रोव्नी: एकाच शब्दाची रशियन विशेषणं वेगळी कशी ओळखायची?

प्रश्न रशियात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. आता वॉर्डात रुग्णांशी रशियनमध्ये बोलावं लागतं, केस हिस्टरीही रशियनमध्येच लिहावी लागते. 'क्रोव' म्हणजे रक्त हे ठाऊक आहे. पण त्यावरून झालेली क्रोवावी, क्रोव्यानोय, क्रोव्नी, क्रोवेनोस्नी ही विशेषणं शब्दकोशात उघडून पाहिली तर सगळीकडे 'रक्ताचा, रक्तासंबंधी' असंच काहीसं लिहिलेलं. दुखणं, हाड, कातडी यांच्या शब्दांचीही तीच गत. पाठ केलं तरी ऐनवेळी गोंधळ होतो. यामागे काही नियम आहे का?

आहे, आणि तो बऱ्यापैकी भरवशाचा आहे. मी रशियन शिकवतो आणि वैद्यकीय कागदपत्रांची भाषांतरंही करतो, त्यामुळे हे शब्द रोज हाताखालून जातात. नामाचं विशेषण करताना रशियन भाषा जो प्रत्यय लावते, तो नुसता 'संबंधी' एवढंच सांगून थांबत नाही. संबंध कसला, हे तो सांगतो. त्या वस्तूचा बनलेला आहे, तिने माखलेला आहे, तिच्यासारखा दिसतो, तिने भरलेला आहे, की केवळ त्या विषयातला आहे? शब्दकोशात एका ओळीचा अर्थ दिला की नेमका हाच भाग गळून पडतो. म्हणून तुमचं पाठांतर कमी पडतंय असं मला वाटत नाही. पाठ करायला घेतलेली यादीच अपुरी आहे.

पुढे रशियन शब्द मूळ स्पेलिंगप्रमाणे देवनागरीत लिहितो, म्हणजे शब्दाचं मूळ डोळ्यांना दिसत राहील. बोलताना आघात नसलेला 'ओ' 'अ'सारखा होतो, हे तुम्हाला माहीतच आहे.

रक्तापासूनच सुरुवात करू. 'क्रोव्यानोय' म्हणजे पदार्थ म्हणून रक्त. क्रोव्यानोये दाव्लेनिये म्हणजे रक्तदाब, क्रोव्यानीये तेल्त्सा म्हणजे रक्तपेशी. 'क्रोवावी'मध्ये रक्त बाहेर आलेलं आहे, सांडलंय, दिसतंय. क्रोवावाया र्वोता म्हणजे रक्ताची उलटी, क्रोवावी स्लेद म्हणजे रक्ताचा माग. सेंट पीटर्सबर्गमध्ये जुन्या कालगणनेनुसार 9 जानेवारी 1905 ला निःशस्त्र मोर्चावर गोळीबार झाला, त्या दिवसाला रशियन इतिहासात 'क्रोवावोये वोस्क्रेसेन्ये', रक्तरंजित रविवार, म्हणतात. तिथे 'क्रोव्यानोये' म्हटलं तर रविवार रक्ताचा बनलेला होता असा काहीतरी अर्थ होईल.

'क्रोव्नी'त तर डोळ्यांना दिसणारं रक्त नाहीच. ते नात्याचं रक्त आहे. क्रोव्नोये रोद्स्त्वो म्हणजे रक्ताचं नातं, क्रोव्नाया मेस्त म्हणजे खुनाचा बदला खुनाने घेण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा. आपण ज्यांना घामाचे पैसे म्हणतो, त्यांना रशियन माणूस 'क्रोव्नीये देन्गी' म्हणतो. (सख्ख्या भावाला मात्र रोजच्या बोलण्यात 'रोद्नोय ब्रात' म्हणतात.) 'क्रोवेनोस्नी' या शब्दात मागे 'नेस्ती', म्हणजे वाहून नेणं, हे क्रियापद दडलेलं आहे. क्रोवेनोस्नी सोसुद म्हणजे अक्षरशः आपली रक्तवाहिनी. दोन्ही भाषांनी तो शब्द एकाच रीतीने घडवलाय. पाचवा शब्द तुम्ही लिहिलेला नाही, पण स्त्रीरोग विभागात तो पहिल्याच दिवशी भेटेल: 'क्रोव्यानिस्ती'. क्रोव्यानिस्तीये विदेलेनिया म्हणजे किंचित रक्त मिसळलेला, लालसर स्राव. हा आणि 'क्रोवावीये' यांतला फरक केवळ भाषेचा नाही. एका शब्दावरून डॉक्टर निवांत राहतील आणि दुसऱ्यावरून धावत येतील.

या पाच शब्दांतून प्रत्ययांचे स्वभाव आता दिसायला लागतात. '-यान' किंवा '-आन' हा पदार्थाचा प्रत्यय: त्या वस्तूचा बनलेला, तीच वस्तू असलेला. '-इस्त' म्हणजे त्या वस्तूने भरलेला किंवा तिच्या वळणाचा. '-आव', '-याव' म्हणजे ती गोष्ट वर दिसते, उठून दिसते. साधा '-न' सगळ्यांत मोघम. तो 'त्या विषयातला' एवढंच सांगतो, आणि म्हणूनच त्याचा नेमका अर्थ शेजारच्या नामावरून ठरतो.

आता हाडावर हे लावून पाहा. कोस्त म्हणजे हाड. कोस्त्नी मोझ्ग म्हणजे अस्थिमज्जा. इथे '-न', शरीरशास्त्रातला संबंध. कोस्त्यानोय ग्रेबेन म्हणजे हाडाचा कंगवा. कोस्तिस्ताया रिबा म्हणजे काटेच काटे असलेला मासा. कोस्तल्यावी म्हणजे हाडं वर आलेला, हडकुळा. कातडीचं तर याहून सोपं आहे. 'कोझा' हा एकच शब्द माणसाची त्वचा आणि कमावलेलं चामडं या दोन्हींना चालतो. त्वचारोग म्हणजे कोझ्नीये बोलेझ्नी आणि चामड्याचं जाकीट म्हणजे कोझानाया कुर्त्का. बोलताना लोक त्वचारोगतज्ज्ञाला 'कोझ्नी व्राच' म्हणतात. चुकून 'कोझानी व्राच' म्हणालात तर समोरच्याला चामड्याचा डॉक्टर ऐकू येईल.

मराठी माणसाला नेमकं कुठे अडतं, ते इथे लक्षात येतं. आपण अशा ठिकाणी नामच बदलतो: त्वचा वेगळी, चामडं वेगळं. किंवा समास करतो: रक्तदाब, रक्तवाहिनी, रक्तबंबाळ. उरलेलं सगळं '-चा, -ची, -चे' सांभाळून घेतं. रशियन भाषा नाम तेच ठेवते आणि सगळा भार प्रत्ययावर टाकते. पण आपल्याकडे ही जाण अजिबात नाही असंही नाही. दगडी घर आणि खडकाळ रस्ता यांतला फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. रशियनमध्ये तो कामेन्नी दोम आणि कामेनिस्ताया दोरोगा असा आहे. ग्लिन्यानी गोर्शोक म्हणजे मातीचं मडकं, ग्लिनिस्ताया पोच्वा म्हणजे चिकणमातीची जमीन. वोद्यानिस्ती सूप म्हणजे पाणचट सूप. आणि मला सगळ्यांत आवडणारी जोडी: 'सोसेद्नी दोम' म्हणजे शेजारचं घर, 'सोसेद्स्काया सोबाका' म्हणजे शेजाऱ्यांचा कुत्रा. शेजारचं आणि शेजाऱ्यांचं यांत आपली कधी गल्लत होत नाही. मग रशियनमध्येही व्हायचं कारण नाही. '-स्क' हा माणसांचा, त्यांच्या मालकीचा आणि जगण्याचा प्रत्यय आहे, एवढं कानात बसलं की झालं.

आता दुखण्याकडे वळतो. तुमच्या कामात हा गट सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि जिथे चुका महागात पडतात असाही हाच गट. तीन शब्द आहेत: बोल्नोय, बोलेझ्नेन्नी, बोलेवोय.

'बोल्नोय' म्हणजे आजारी. नाम म्हणून वापरलं की रुग्ण. बोल्नोय रेब्योनोक म्हणजे आजारी मूल. 'बोलेझ्नेन्नी रेब्योनोक' म्हणजे मात्र सतत आजारी पडणारं, नाजूक प्रकृतीचं मूल; आज ते तापाने फणफणलेलं असेलच असं नाही. आई 'ओन उ मेन्या बोलेझ्नेन्नी' म्हणाली, तर ती मुलाची प्रकृती सांगतेय, आजची तक्रार नव्हे. पुढचा प्रश्न मागच्या आजारपणांबद्दल विचारायला हवा. त्यातून आणखी एक बारकावा निघतो. 'ओन बोलेन', हे आखूड रूप, म्हणजे तो सध्या आजारी आहे. 'ओन बोल्नोय' या पूर्ण रूपात आजार त्याला कायमचा चिकटलेला वाटतो.

पण 'बोलेझ्नेन्नी'ला दुसराही अर्थ आहे: ज्याने दुखतं तो. बोलेझ्नेन्नी उकोल म्हणजे दुखणारं इंजेक्शन. तपासणीच्या नोंदीत तुम्हाला रोज एक ठराविक वाक्य लिहावं लागेल: 'झिवोत म्याग्की, बेझबोलेझ्नेन्नी', म्हणजे पोट मऊ आहे, दाबल्यावर दुखत नाही. हे वाक्य तोंडपाठ करा आणि त्यातला एकेक तुकडा बदलत जा, कारण दुखत असेल तर तिथेच 'बोलेझ्नेन्नी' येतं आणि पुढे जागा लिहिली जाते. इथे 'झिवोत बोल्नोय' लिहिलंत तर वाचणारा थबकेल. 'बोल्नोय झूब' म्हणजे दुखरा, किडलेला दात हे चालतं, कारण तिथे दातालाच रोग आहे. पण दाबल्यावर पोट दुखणं हा पोटाचा प्रतिसाद आहे.

'बोलेवोय' निव्वळ पारिभाषिक शब्द आहे. बोलेवोय पोरोग म्हणजे ज्या पातळीला वेदना जाणवू लागते ती पातळी, बोलेवोय शोक, बोलेवोय सिन्द्रोम. रुग्णाशी बोलताना तो सहसा लागणार नाही. केस हिस्टरीत मात्र पानोपानी येईल.

या तिघांना पारखायची एक कसोटी आहे आणि ती पुढे बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडते. विशेषणाच्या आधी 'ओचेन', म्हणजे खूप, लावून पाहायचं. ओचेन बोलेझ्नेन्नी चालतं. ओचेन बोलेवोय चालत नाही. ओचेन कामेनिस्ती चालतं. घर खूप कामेन्नी किंवा कमी कामेन्नी असू शकत नाही. जो शब्द 'ओचेन' पेलतो तो गुण सांगतो. जो पेलत नाही तो फक्त प्रकार किंवा संबंध सांगतो. गुण सांगणाऱ्या शब्दाचं बहुधा आखूड रूप होतं, तुलनाही होते. संबंध सांगणाऱ्याचं यातलं काही होत नाही.

ही कसोटी सर्वांत कामाला येते ती '-ईचेस्की' आणि '-ईच्नी' या जोड्यांत. एकोनोमीचेस्की क्रीझिस म्हणजे आर्थिक संकट. अर्थव्यवस्थेशी संबंध, बस. एकोनोमीच्नी द्विगातेल म्हणजे कमी इंधन खाणारं इंजिन. आणि काटकसरी गृहिणी असेल तर ती 'एकोनोम्नाया': वस्तू एकोनोमीच्नी, माणूस एकोनोम्नी. प्राक्तीचेस्कीये झान्यातिया म्हणजे तुमची प्रात्यक्षिकं. प्राक्तीच्नी चेलोवेक म्हणजे व्यवहारी माणूस. प्राक्तीच्नी त्स्वेत असाही प्रयोग आहे, म्हणजे मळखाऊ रंग. आपल्याकडे व्यावहारिक ज्ञान आणि व्यवहारी माणूस हा भेद जवळपास याच जागी पडतो, तेव्हा ही जोडी तुम्हाला सोपी जावी.

वैद्यकीय शब्दांत बहुतेक ठिकाणी निवडच नसते. ख्रोनीचेस्की, क्लिनीचेस्की, खिरुर्गीचेस्की यांना '-ईच्नी' असलेलं भावंडच नाही. पण काही जोड्या आहेत आणि त्या नीट पाहून ठेवा. तोक्सीचेस्की शोक हे वैद्यकीय निदान. तोक्सीच्नोये वेश्चेस्त्वो म्हणजे विषारी पदार्थ, आणि हल्ली तरुण मंडळी 'तोक्सीच्नीये ओत्नोशेनिया', विखारी नातेसंबंध, असंही बोलतात. एतीचेस्की कोमितेत म्हणजे रुग्णालयाची नीतिविषयक समिती. एतीच्नी पोस्तुपोक म्हणजे नीतीला धरून केलेलं कृत्य. सिम्प्तोमातीचेस्कोये लेचेनिये म्हणजे लक्षणांपुरते उपचार. सिम्प्तोमातीच्नी म्हणजे पुरेसं सूचक, बरंच काही सांगून जाणारं. चेलोवेचेस्की आणि चेलोवेच्नी यांचंही असंच: चेलोवेचेस्की ओर्गानिझ्म म्हणजे मानवी शरीर, चेलोवेच्नी व्राच म्हणजे माणुसकी असलेला डॉक्टर.

कसोटी सगळीकडे टिकत नाही, हेही सांगायला हवं. 'फान्तास्तीचेस्की'सारखे शब्द '-ईचेस्की' असूनही सरळसरळ गुण सांगतात. त्रागीचेस्की आणि त्रागीच्नी, कोमीचेस्की आणि कोमीच्नी यांच्या सीमारेषा इतक्या पुसट आहेत की अनेक वाक्यांत दोन्ही चालतात. आणि 'चेलोवेचेस्कोये ओत्नोशेनिये' म्हटलं तरी बोलीत माणुसकीची वागणूक हाच अर्थ पोचतो. अशा ठिकाणी स्वतःला छळू नका. जिथे रशियन माणूसच दोन्ही वापरतो, तिथे तुमची चूक कोणी काढणार नाही.

एक गट पूर्णपणे वेगळा आहे, त्याला प्रत्ययाची ही किल्ली लागत नाही. कोरोत्की आणि क्रात्की, झ्दोरोवी आणि झ्द्रावी. मूळ एकच, पण '-ओरो-' हे अस्सल रशियन रूप आणि '-रा-' हे चर्चच्या जुन्या स्लाव भाषेतून आलेलं. आपल्याकडे तद्भव आणि तत्सम शब्दांचं जे आहे तेच: हात रोजचा, हस्तलिखितातला हस्त ग्रांथिक. कोरोत्कीये वोलोसी म्हणजे आखूड केस, क्रात्की ओत्वेत म्हणजे थोडक्यात उत्तर. झ्दोरोवी रेब्योनोक म्हणजे निरोगी मूल, पण झ्द्रावी स्मिस्ल म्हणजे तारतम्य, शहाणपण. आरोग्य खात्याच्या नावातलं 'झ्द्रावोओख्रानेनिये' याच ग्रांथिक घराण्यातलं. '-रा-' दिसला की शब्द बहुधा अमूर्त, औपचारिक किंवा सरकारी कागदावरचा असतो.

आता काही सुटे शब्द, केवळ तुम्हाला लागतील म्हणून. कांजिण्यांना 'वेत्र्यानाया ओस्पा' म्हणतात, बोलताना नुसतं 'वेत्र्यान्का'. पण वाऱ्याचा दिवस 'वेत्रेनी देन' असतो आणि 'वेत्रेनी' माणूस म्हणजे चंचल. सोन्नाया आर्तेरिया ही मानेतली मोठी धमनी, शब्दशः 'झोपेची धमनी'. तिचं ग्रीक नावही गुंगी आणण्याच्या क्रियापदावरूनच आलंय. झोपेचं औषध मात्र 'स्नोत्वोर्नोये'. तुमच्यावर उपचार करणारा डॉक्टर 'लेचाश्ची व्राच', उपचाराचा व्यायाम 'लेचेब्नाया फिझकुल्तुरा'. वोद्नी रास्त्वोर म्हणजे पाण्यातलं द्रावण, वोद्यानोय पार म्हणजे पाण्याची वाफ, वोद्यानिस्ती स्तूल म्हणजे पाण्यासारखे जुलाब. जेवणाबद्दल विचाराल तेव्हा लक्षात ठेवा: पोट भरलेला माणूस 'सीती', पोटभरीचं जेवण 'सीत्नी'. रशियन म्हणच आहे: 'सीती गोलोद्नोवो ने राझुमेयेत', पोट भरलेल्याला भुकेल्याचं कळत नाही.

रशियन मुलांनाही हे शब्द सहज जमतात असं समजू नका. शाळा संपताना तिथे 'येगे' नावाची राष्ट्रीय पातळीवरची सरकारी परीक्षा असते. 2009 पासून ती देशभर सक्तीची आहे. रशियन भाषेच्या पेपरात पाचवा प्रश्न याच विषयावर असतो: काही वाक्यं देतात, एकात यांतलं चुकीचं विशेषण किंवा नाम असतं, ते शोधून बरोबर शब्द लिहायचा. त्यासाठी परीक्षेची संस्था शब्दजोड्यांची यादीही छापते, आणि ती जालावर मोफत मिळते. रशियन भाषेत अशा शब्दांना 'पारोनीमी' म्हणतात. हा शब्द टाकून शोधलंत की याद्याच याद्या हाती येतील. विश्न्याकोवा यांचा 1984 चा आणि बेल्चिकोव व पान्युशेवा यांचा 1994 चा असे स्वतंत्र पारोनिम शब्दकोश आहेत. दुसरा मी अजूनही टेबलावर ठेवतो, कारण तो प्रत्येक शब्दासोबत कोणती नामं येतात ते दाखवतो.

शंका आली तर रशियन भाषेचा राष्ट्रीय कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुरांचा शोधता येणारा संग्रह, उघडा. 2004 पासून तो जालावर खुला आहे. 'कोस्त्यानोय' टाका, पुढे कंगवे, सुऱ्यांच्या मुठी, बटणं येतात. 'कोस्त्नी' टाका, मज्जा, ऊतक, क्षय येतो. पहिली वीस-पंचवीस वाक्यं वाचलीत की शब्दकोशाने लपवलेला फरक समोर येतो. वहीतही विशेषण एकटं लिहू नका. 'बोलेवोय पोरोग', 'बोलेझ्नेन्नी उकोल' असं नामासकट लिहा आणि नामासकटच म्हणा. परीक्षेत आठवतं ते नाम, आणि विशेषण त्याच्या मागून येतं.

आणि वॉर्डात समोर रुग्ण असताना शब्द सुचलाच नाही, तर विशेषण सोडून द्या. रशियन भाषेत षष्ठी विभक्ती आहे, आणि ती आपल्या '-चा, -ची'इतकीच कामसू आहे. रक्ताची तपासणी म्हणजे 'आनालीझ क्रोवी', रक्तगट म्हणजे 'ग्रुप्पा क्रोवी', रक्त चढवणं म्हणजे 'पेरेलिवानिये क्रोवी', त्वचेचा कर्करोग म्हणजे 'राक कोझी', हाड मोडणं म्हणजे 'पेरेलोम कोस्ती'. ही पळवाट नव्हे. रशियन डॉक्टर स्वतः असंच बोलतात. 'क्रोव्यानोय आनालीझ' तुम्हाला तिथे कोणाच्या तोंडी ऐकू येणार नाही.